एक तासाचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. या, जवळ या. पण मला हात लावू नका, आणि लावलाच तर घरी जाऊन साबणाने धुवा. मी नम्रपणाने असे म्हणतो असे समजू नका. माझी मलाच किळस येते, म्हणून सांगतो.

सध्या मी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. माझी एक बाजू सोलून काढली आहे, त्यामुळे माझे पोट सगळ्यांना दिसते. तुमच्यासारखी मुले येतात, नाक दाबतात आणि म्हणतात, "शी, हे काय भरलंय आत?" बरोबर विचारतात. हा प्रश्न आठ वर्षांपूर्वी मोठ्या माणसांनी विचारायला हवा होता.

माझ्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी ठोकली आहे. तिच्यावर लिहिले आहे : अग्निरोधक दरवाजा, ६० मिनिटे. म्हणजे माझ्या एका बाजूला आग लागली तर दुसऱ्या बाजूच्या माणसांना मी एक तास सांभाळीन, असे वचन. हे वचन मी दिलेले नाही. ते माझ्या कपाळी दुसऱ्यानेच मारले.

खरा अग्निरोधक दरवाजा कसा असतो, ते आधी ऐका. बाहेरून तो इतर दरवाजांसारखाच दिसतो. त्याची सगळी करामत पोटात असते. टणक लाकडाच्या चौकटीत आधी जिप्समचा, म्हणजे एका पांढऱ्या खनिजाचा, जाड तक्ता बसवतात. जिप्सममध्ये पाणी दडलेले असते. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आग आली की ती आधी ते पाणी उडवत बसते आणि तेवढा वेळ माणसांना मिळतो. त्याच्या मागे दगडी लोकर. दगड वितळवून त्याचे धागे काढतात आणि त्यांची गादी करतात. दगडच तो, पेटणार कसा? मग पुन्हा जिप्सम. आणि कडेने एक काळी पट्टी असते, ती ताप लागला की टम्म फुगते आणि फटी बुजवून टाकते, म्हणजे धूरही आत शिरत नाही. असा दरवाजा उचलायला दोन दांडगे गडी लागतात.

माझा थोरला भाऊ असा होता. आमच्या कारखान्यातला तो पहिला. त्याला परीक्षेसाठी एका मोठ्या भट्टीच्या तोंडावर बसवले. एका बाजूने ज्वाळा, आणि दुसऱ्या बाजूला फटीपाशी धरलेला कापसाचा बोळा. कापूस पेटला तर नापास. तास उलटला, वर सहा मिनिटे झाली, तरी कापूस पेटला नाही. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचा नुसता काळा सांगाडा उरला होता, पण तो पास झाला होता. त्याच्या जिवावर कारखान्याला शिक्क्याचा कागद मिळाला.

त्याच कागदाच्या आडोशाने पुढे मी जन्मलो, आणि माझ्यासारखे शेकडो.

आमच्या कारखान्यात दरवाजांची पोटे भरण्याचे काम एका कारागिराकडे होते. सगळे त्याला गमतीने 'पोटभरू' म्हणत. हात मात्र सोन्याचा. दोन तक्त्यांच्या मध्ये नख शिरेल एवढीही फट तो ठेवत नसे. थोरल्या भावाचे पोट त्यानेच भरले होते, आणि भट्टीच्या दिवशी तासभर तो घड्याळाकडे न बघता कापसाकडे बघत उभा होता.

एका सकाळी तो कामावर आला, तर जिप्समच्या तक्त्यांच्या जागी पोती रचलेली. पोत्यांत लाकडाचा भुसा, तोही अर्धा ओला. शेजारी पुठ्ठ्याच्या फाटक्या खोक्यांचा ढीग, अंड्यांचे चपटे केलेले ट्रे, आणि कुठल्या तरी गोदामातला झाडून आणलेला कचरा.

"मालक, हे भरायचं?" पोटभरूने विचारले.

मालक लवंग चघळत होते. त्यांना सदा लवंग चघळायची सवय होती, तोंडाला वास येऊ नये म्हणून. मनाच्या वासावर काही औषध त्यांना सापडले नव्हते.

"मग काय डोक्यावर घ्यायचं?" ते म्हणाले. "माल येत नाहीये वेळेवर. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"पण वरची पट्टी? साठ मिनिटांची?"

"अरे, दार काय रोज जळतं? जळलं तर एकदा. आणि जळाल्यावर त्याचं पोट फाडून बघायला उरतंय कोण?" मालक हसले. मग हसू आवरून म्हणाले, "दाराचं पोट भरायचं की स्वतःचं, ते तू ठरव. बाहेर चार जण उभे आहेत कामासाठी."

पोटभरू थोडा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला. मला वाटले, हा आता निघून जाईल. मी तेव्हा नुसती चौकट होतो, टेबलावर आडवा पडलेला, रिकामा, पण निदान स्वच्छ. मग त्याने घडी सोडली, फावडे उचलले आणि पहिला घास माझ्या पोटात टाकला.

काय काय घातले त्याने माझ्यात! भुसा, पुठ्ठे, पोत्याचा तुकडा, बिस्किटांची चुरगळलेली वेष्टने, तेलाने माखलेला एक हातमोजा. वरून प्लायवूड ठोकले, गुळगुळीत रंग दिला, कडेला फुगणाऱ्या पट्टीऐवजी साधी काळी रबराची पट्टी चिकटवली, आणि पत्र्याची ती पाटी मारली. सगळे करताना त्याने माझ्याकडे एकदाही नीट पाहिले नाही. ओकारी यावी पण तोंडच नसावे, तशी माझी गत झाली.

मला एका तीन मजली इमारतीत नेले. तिथे वृद्ध माणसांची शुश्रूषा होत असे. मला वर चढवायला एकच हमाल लागला. "हलका आहे, बरं झालं," असे म्हणून तो शीळ घालत जिना चढला. वरच्या सुताराने मला बिजागरीवर टांगले आणि तोही खूश झाला. अग्निरोधक दरवाजा हलका निघाला तर घाबरायला हवे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

माझी जागा तिसऱ्या मजल्यावर होती. माझ्या एका अंगाला जिना आणि चहाची खोली, दुसऱ्या अंगाला लांब व्हरांडा आणि त्यात बारा वृद्ध माणसांच्या खोल्या. त्या बाराजणांची मला लवकरच ओळख झाली. त्यातल्या दोघांचे आवाज सगळ्यात मोठे. एक टपालकाका. आयुष्यभर दारोदार पत्रे वाटली आणि आता पायांतला जीवच गेलेला. दुसऱ्या गादीआजी. चाळीस वर्षे त्यांनी गाद्या भरून दिल्या होत्या. दोघे माझ्याजवळच्या बाकाशी पत्ते खेळत. टपालकाका लबाडी करत आणि आजी पकडत.

"बदामची राणी मघाशी गेली ना? मग ही कुठून आली?"

"परतीच्या टपालाने आली," काका गंभीरपणे सांगत.

मी त्यांचे हसणे ऐकत असे, आणि मला स्वतःची आणखी शिसारी येत असे. ही माणसे माझ्या भरवशावर झोपत होती.

माझी दशाही तशीच होती म्हणा. माझे काम बंद राहण्याचे, पण ये-जा करायला अडचण होते म्हणून मला फरशी पुसायच्या बादलीने उघडे दाबून ठेवत. त्या बादलीतल्या आंबट फडक्याचा वास माझ्या अंगात मुरला. ट्रे ढकलणाऱ्यांचे तेलकट हात माझ्यावर पुसले जात. खालच्या कोपऱ्यात ओल शिरली, प्लायवूडला फोड आला, आणि त्या वाटेने झुरळे आत घुसली. भुसा, पुठ्ठा, ऊब, अंधार. त्यांना आणखी काय हवे? माझ्या पोटात त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या. एक तासाचा रक्षक म्हणून ज्याला उभे केले, तो झुरळांची धर्मशाळा झाला होता.

सात वर्षे अशी गेली. मग एका दुपारी चहाच्या खोलीत कोणीतरी विजेच्या शेगडीवर फडके विसरले. धूर निघाला. सफाईवाल्या मावशींनी आधी बादलीला लाथ मारली, मी झुलत झुलत बंद झालो, आणि त्यांनी तीच बादली शेगडीवर रिकामी केली. दोन मिनिटांत खेळ खलास. आगीची धग माझ्यापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती.

पण इमारतीचे व्यवस्थापक धावत आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. "वा रे पठ्ठ्या! वाचवलंस सगळ्यांना!" माझ्यासोबत उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि खाली फलकावर लावला. मावशींना कोणी विचारलेही नाही. त्या ओल्या चपलांनी तशाच फरशी पुसत राहिल्या. मित्रांनो, शिव्या खाल्लेल्या परवडतात, पण न केलेल्या कामाची शाबासकी गिळणे फार घाण असते.

गादीआजींना एक मुलगा होता. तो दुसऱ्या गावी राही आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी भेटायला येई. तोपर्यंत तो आला की मी बादलीने उघडाच असे, त्यामुळे तो माझ्या अंगावरून सरळ निघून जाई. आगीच्या घटनेनंतर मात्र व्यवस्थापकांनी बादली उचलायला लावली होती. त्या रविवारी मी बंद होतो. मुलाने मला ढकलले आणि तो थबकला. मी फार सहज उघडलो होतो.

त्याने वाकून माझ्या कडेची पट्टी वाचली. मग बोटाच्या पेरांनी मला ठोकले. ठप्प, ठप्प. मी त्याला ओळखले होते. तो पोटभरू होता.

आत आजी कौतुकाने सांगू लागल्या, "अरे, परवा आग लागली होती इथं! पण हे दार बघ, काय दणकट! दारामुळे वाचलो सगळे."

पोटभरूचा चेहरा उतरला. पाणीही न पिता तो खाली व्यवस्थापकांकडे गेला. अर्ध्या तासाने परत येऊन तो माझ्याजवळच्या बाकावर आईच्या शेजारी बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

"आई, तुला तळमजल्यावर खोली मिळतेय. आजच सामान हलवू."

"का रे? माझी ही खोली छान आहे. उजेड येतो."

"लिफ्ट बंद पडते सारखी."

"मला कुठं जायचंय लिफ्टने? पत्ते इथंच आहेत."

"आई, ऐक ना माझं!"

आजींनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "लहानपणी खोटं बोलताना तुझे कान असेच लाल व्हायचे. काय झालंय?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. व्हरांड्यात कोणी नव्हते. मग त्याने खालच्या आवाजात सांगून टाकले. "ते दार मी भरलंय. आत काही नाही, आई. भुसा आहे. मालकांनी भरायला लावला. आग लागली तर पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही ते."

आजींनी व्हरांड्यातल्या खोल्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आणि टपालकाका?"

"कोण टपालकाका?"

"ज्यांच्या पायात जीव नाही ते. आणि कोपऱ्यातल्या बाई, ज्यांना ऐकू येत नाही? आणि बाकीचे नऊ जण? त्यांना पण तळमजला मिळणार आहे का?"

"तळमजल्यावर एकच खोली रिकामी आहे," पोटभरू म्हणाला. "मी तुझं बघितलं. सगळ्यांचं कुठून बघू?"

आजींनी आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला. मग शालीच्या टोकाने तो हात पुसला. आधी तळवा, मग एकेक बोट, सावकाश, जसा काही चिकट पदार्थ लागला होता.

"शी!" त्या म्हणाल्या.

एवढेच. पण मी सात वर्षे आतल्या आत कुजत जे म्हणत होतो, ते कोणीतरी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले.

"चाळीस वर्षं मी गाद्या भरल्या," आजी म्हणाल्या. "एका गादीत जुना कापूस घातला नाही. का? तर माणूस त्यावर डोळे मिटून झोपतो. जो डोळे मिटून भरवसा ठेवतो, त्याला फसवणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात नीच. हे तुला बोलून शिकवायचं राहिलं वाटतं. मला वाटलं, बघून शिकशील."

"मालक मला उभा चिरतील, आई. पुन्हा कुठं काम मिळणार नाही."

"मग चिरू दे त्यांना. तू आधी हे दार चीर. सगळ्यांसमोर. तोवर मी या मजल्यावरून हलणार नाही."

पोटभरू उठला आणि मान खाली घालून निघून गेला. जाताना त्याने मला हळूच बंद केले, जसे काही आत कोणी आजारी झोपले होते.

आजी वाट बघत बसणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाईंना सगळे सांगितले. मेट्रनबाईंनी व्यवस्थापकांना बोलावले. व्यवस्थापक हसले. "आजी, शिक्क्याचा कागद आहे आमच्याकडे. आणि परवा आग अडवली की याने!" मग मेट्रनबाईंकडे वळून, आजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं. गोळ्या बदलून बघा."

मेट्रनबाई हसल्या नाहीत, आणि त्यांनी गोळ्याही बदलल्या नाहीत.

मग आजींनी ट्रंकेतून आपले जुने दाभण काढले. वीतभर लांब, जाड, गाद्यांना टाके घालायचे. स्टूल घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि जिथे प्लायवूडला फोड आला होता तिथे टोचू लागल्या. एकोणऐंशी वर्षांचा थरथरता हात. दाभण निसटे, बोटाला लागे, त्या बोट तोंडात घालून पुन्हा सुरू करत. टपालकाका चाकाच्या खुर्चीत बसून पहारा देत. कोणी आले की ते मोठ्याने खोकत. मित्रांनो, मला भोक पडत होते आणि मला इतके बरे वाटत होते की काय सांगू! गळू फुटण्याआधी जसे ठणकते तसे. चौथ्या दिवशी दाभण आरपार आत गेले आणि चिमूटभर भुसा बाहेर सांडला. त्याबरोबर एक झुरळही. आजींनी दोन्ही गोष्टी कागदावर घेतल्या आणि मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

व्यवस्थापकांनी दाभण काढून घेतले. भोक पुट्टीने बुजवायला सांगितले. "इमारतीच्या वस्तूची नासधूस," असे ते म्हणाले. मेट्रनबाईंनी मात्र तो कागद फेकला नाही. घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी पोटभरू आला. हातात हत्यारांची पेटी होती आणि डोळे सुजलेले होते. त्याने माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला सुरुवात केली. आवाज ऐकून व्यवस्थापक धापा टाकत वर आले.

"अहो, कोण तुम्ही? कोणाच्या परवानगीने?"

"माझ्या," मागून मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी खिशातला कागद काढून व्यवस्थापकांच्या हातावर ठेवला. "सहा दिवस झाले, मला झोप लागलेली नाही. काढू दे त्यांना."

पोटभरू सरळ उभा राहिला. "हा दरवाजा मी भरलाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "या इमारतीतले नऊही दरवाजे मीच भरलेत. आत काय आहे ते मला माहीत आहे. तुम्हीही बघा."

त्याने मला जमिनीवर आडवे केले आणि पटाशी घालून माझी एक बाजू उचकटली. जो वास सुटला! लोक मागे सरले. ओला भुसा काळा पडून गोळा झाला होता, पुठ्ठ्यांचा चिखल झाला होता, झुरळे सैरावैरा पळाली. तो तेलकट हातमोजाही निघाला. कोपऱ्यातल्या बहिऱ्या बाईंना काही ऐकू आले नाही, पण त्यांनी पाहिले, आणि त्यांना खरोखरच ओकारी आली.

मग त्याने माझा एक तुकडा कापून अंगणात नेला. वृद्धांना खाली आणले, खुर्च्या मांडल्या. तुकड्याच्या मागे त्याने कापसाचा बोळा लावला आणि पुढून ज्वालेचा बर्नर धरला. मेट्रनबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. आधी धूर, मग एक तपकिरी डाग, मग कापूस भपकन पेटला.

"चार मिनिटं," मेट्रनबाई म्हणाल्या.

टपालकाकांनी जळालेल्या कापसाकडे बोट दाखवले. ते म्हणाले, "चार मिनिटांत तर माझी चप्पलसुद्धा सापडत नाही."

व्यवस्थापकांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चहाची खोली बंद करून टाकली, आणि तीनही मजल्यांवर जागता पहारा ठेवला. फलकावरचा फोटो त्यांनी स्वतः काढला. महिन्याभरात नऊ नवे दरवाजे आले. पोटभरूनेच ते बसवले. गादीआजी स्टुलावर बसून असत आणि प्रत्येक दरवाजा बंद करण्याआधी म्हणत, "थांब. आधी आत दाखव." तो दाखवी. त्याही दोन बोटांनी दगडी लोकर चाचपून बघत आणि मान हलवत. शाबास म्हणाल्या नाहीत. त्या म्हणतील अशी अपेक्षाही त्याने केली नाही.

त्याची नोकरी गेली हे वेगळे सांगायला नको. मालकांनी कारखाना बंद केला, पाटी बदलली आणि शेजारच्या गल्लीत दुसऱ्या नावाने सुरू केला. अजून लवंग चघळतात, असे ऐकतो. चौकशी चालू आहे.

पोटभरूने आठवून आठवून एक यादी केली. माझे भाऊ कुठे कुठे गेले त्याची. एक वसतिगृह, दोन दवाखाने, एक चित्रपटगृह, आणि चार शाळा. प्रत्येक ठिकाणी त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, टपालकाकांनी पत्ते तपासून दिले. पाच ठिकाणांहून उत्तरे आली, तिथले दरवाजे बदलले. दोन ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. आणि एका शाळेने कळवले की सध्या सुट्टी नसल्यामुळे दरवाजे उघडून बघणे सोयीचे नाही.

सोयीचे नाही! मित्रांनो, इतकी घाण पोटात वागवूनही मला जेवढी किळस आली नव्हती, तेवढी या दोन शब्दांनी आली.

तुमची शाळा कोणती, मला माहीत नाही. पण उद्या गेलात की जिन्याजवळचा दरवाजा बघा. त्याला विटेने किंवा बादलीने अडकवून ठेवले असेल तर ती काढा. तो एका बोटाने ढकलला जात असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर गुरुजींना विचारा, मुख्याध्यापकांना विचारा, घरी आईवडिलांना विचारा : "याच्या पोटात काय आहे?" ते म्हणतील, कागद आहे. तुम्ही म्हणा, कागद तर आधी जळतो. ते रागावतील. हट्टी म्हणतील. तरी विचारा. पुन्हा विचारा. आत दाखवा म्हणा.

विचारायला लाजू नका. लाज कोणाला वाटायला हवी, ते ज्याचे त्याला ठाऊक असते.